निनवे : दया आणि न्याय वाट्याला आलेले नगर

उत्तर इराकमध्ये मोसुल शहरासमोर, टायग्रिस नदीच्या पूर्वतीरावर, मातीच्या दोन मोठ्या टेकड्या आहेत. एकीचे नाव कुयुंजिक, दुसरीचे नबी युनुस. या दोन्हींना वेढणाऱ्या सुमारे १२ किलोमीटर घेराच्या तटाचे अवशेष आजही जागोजाग दिसतात. अश्शूरी साम्राज्याची शेवटची मोठी राजधानी निनवे ती हीच. ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात ‘लहान संदेष्टे’ म्हणून ओळखली जाणारी बारा पुस्तके आहेत. त्यांपैकी दोन पुस्तकांचा रोख या एकाच परक्या नगरावर आहे. योनाच्या पुस्तकात निनवे पश्चात्ताप करते आणि वाचते. नहूमच्या पुस्तकात त्याच नगराच्या नाशाची घोषणा होते, आणि तो नाश इ.स.पू. ६१२ मध्ये खरोखर घडला. देवाची दया आणि देवाचा न्याय यांचा परस्परांशी संबंध काय, या प्रश्नाचा विचार यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांनी वारंवार निनवेच्या आधारे केला, तो यामुळेच.

राजधानी आणि तिची दहशत

निनवेच्या जागी माणसांची वस्ती इ.स.पू. सहाव्या सहस्रकापासून होती. इश्तार देवीच्या मंदिरामुळे नगराला जुनी प्रतिष्ठा होती. ते साम्राज्याचे केंद्र बनवले सन्हेरीब राजाने. इ.स.पू. ७०५ मध्ये गादीवर आल्यावर त्याने राजधानी येथे हलवली, नगर सुमारे ७५० हेक्टरांपर्यंत वाढवले आणि स्वतःसाठी एक राजवाडा बांधला. त्याला त्याने ‘तोड नसलेला राजवाडा’ असे नाव दिले. नगराच्या बागांना पाणी पुरवण्यासाठी डोंगराळ भागातून कालवे काढले. जेरवान येथे एका ओढ्यावरून हे पाणी नेण्यासाठी बांधलेला सुमारे २८० मीटर लांबीचा दगडी जलसेतू अजून ओळखता येतो. त्यात वीस लाखांहून अधिक दगड वापरले असावेत, असा अंदाज आहे.

हे वैभव खंडणी, लूट आणि सक्तीचे स्थलांतर यांवर उभे होते. जिंकलेल्या प्रदेशांतील लोकांना उठवून साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला वसवणे, हे अश्शूरी राजांचे ठरलेले धोरण होते. इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची राजधानी शोमरोन पडली. तेथून २७,२९० लोक नेल्याचा दावा सन्हेरीबचा बाप दुसरा सार्गोन याने आपल्या लेखांत केला आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये खुद्द सन्हेरीबने यहूदावर स्वारी केली. त्याच्या षट्कोनी मृत्तिकालेखात ४६ तटबंद गावे जिंकल्याची आणि २,००,१५० लोक बाहेर काढल्याची नोंद आहे. यरुशलेमचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडल्याची फुशारकीही तो मारतो. यरुशलेम जिंकल्याचे मात्र तो कोठेच सांगत नाही.

या स्वारीतील लाखीश नगराचा वेढा सन्हेरीबने आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतला. चढाईसाठी रचलेला उतार, तटावरून पडणाऱ्या मशाली, कातडी सोलली जात असलेले कैदी, बैलगाड्यांत संसार भरून निघालेल्या बायका आणि मुले हे सगळे त्या दगडांवर आहे. पाहुण्या राजदूतांनी ते पाहावे आणि घाबरावे, हा त्यामागचा हेतू होता. इस्राएलच्या संदेष्ट्यांच्या तोंडी ‘निनवे’ हे नाव येते तेव्हा त्यामागे हा अनुभव असतो.

नहूम : न्यायाची घोषणा

अश्शूरच्या बळाचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न यशया संदेष्ट्याने आधीच हाताळला होता. त्याच्या मते अश्शूर म्हणजे अन्यायी लोकांना शिक्षा करण्यासाठी देवाने हाती घेतलेली काठी. पण ही काठी स्वतःलाच मालक समजू लागली, दिलेल्या कामापलीकडे जाऊन राष्ट्रांचा संहार करू लागली. म्हणून तिचाही न्याय होणारच. एखाद्या साम्राज्याचा देव उपयोग करतो म्हणून त्या साम्राज्याचे गुन्हे माफ होत नाहीत, हा विचार येथून संदेष्ट्यांच्या परंपरेत रुजला.

नहूमने तो टोकाला नेला. त्याच्या तीन अध्यायांच्या पुस्तकात इजिप्तमधील थीब्ज नगराच्या पाडावाचा उल्लेख घडून गेलेली गोष्ट म्हणून येतो. ती घटना इ.स.पू. ६६३ची. म्हणजे हे पुस्तक ६६३ ते ६१२ या दरम्यानच्या काळातले, अश्शूरी राजा अशुर्बनिपाल याचे साम्राज्य शिखरावर होते तेव्हाचे किंवा त्यानंतर लगेचचे. नहूम निनवेवर ठेवतो ते आरोप स्पष्ट आहेत : रक्तपात, खोटेपणा, न थांबणारी लूट, राष्ट्रांची खरेदी-विक्री. पुस्तकाच्या सुरुवातीला तो देवाला मंदक्रोध म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो की देव अपराध्याला मोकळा सोडत नाही. न्यायाची ही बातमी पिडलेल्यांसाठी सुवार्ता आहे. यहूदाच्या लोकांनी आता निर्धास्तपणे आपले सण पाळावेत, असे तो सांगतो. निनवेच्या पाडावावर टाळ्या पिटणारे लोक अखेरीस दिसतात. ज्याला या नगराच्या क्रौर्याची झळ लागली नाही असा कोणी उरला आहे काय, या प्रश्नावर पुस्तक संपते.

आजच्या वाचकाला नहूमची भाषा कठोर वाटते. लाखीशच्या भिंतींवर कोरलेल्या माणसांच्या बाजूने ती वाचली की तिचे प्रयोजन कळते. आपल्यावर झालेला जुलूम देवाच्या नजरेतून सुटलेला नाही, याची खात्री त्या माणसांना हवी होती.

इ.स.पू. ६१२

निनवेच्या पाडावाचा वृत्तांत एका बाबिलोनी मृत्तिकापट्टिकेवर आहे. ब्रिटिश म्युझियममधील ही पट्टिका सी. जे. गॅड यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार बाबिलोनचा राजा नबोपोलस्सर आणि मेद लोकांचा राजा सायक्सरीस यांनी एकत्र येऊन नगराला वेढा दिला. सुमारे तीन महिन्यांच्या लढाईनंतर नगर पडले. पाठोपाठ अश्शूरचा राजा सिन-शार-इश्कुन याचाही अंत झाला. अश्शूरी दरबाराचे अवशेष हारान येथे काही वर्षे तगून राहिले आणि इ.स.पू. ६०९ नंतर इतिहासातून नाहीसे झाले.

१९८७ ते १९९० या काळात डेव्हिड स्ट्रोनॅक यांच्या नेतृत्वाखाली हल्झी वेशीपाशी उत्खनन झाले. अखेरच्या हल्ल्यात मेलेल्यांचे सांगाडे तेथे जसेच्या तसे पडलेले आढळले. काहींच्या जवळ बाणांची टोके होती, काही सांगाडे कोवळ्या वयाच्या मुलांचे होते. राजवाड्यातल्या शिल्पांवरही सूडाच्या खुणा आहेत. लाखीशच्या दृश्यात सिंहासनावर बसलेल्या सन्हेरीबचा चेहरा हेतुपुरस्सर फोडलेला आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक लेखक झेनोफोन आपल्या सैन्यासह या तटाजवळून गेला, तेव्हा हे ओस नगर त्याला मेस्पिला या नावाने सांगण्यात आले. निनवे हे नाव त्याच्या वृत्तांतात नाही. दोनशे वर्षांत जगातील सर्वांत बलाढ्य राजधानी आपले नावही हरवून बसली होती.

योना : शत्रूला मिळालेली मुदत

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात गथ-हेफेर येथील अमित्तयाचा पुत्र योना याचा उल्लेख आहे. तो इ.स.पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबाम राजाच्या काळात होऊन गेला. त्याच्या नावाने असलेले चार अध्यायांचे पुस्तक मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते बरेच नंतरचे, बाबिलोनी बंदिवास संपल्यानंतरच्या शतकांतले आहे. त्यात ‘निनवेचा राजा’ असतो, पण त्याला नाव नाही. नगर पार करायला तीन दिवस लागतात असे त्यात म्हटले आहे, आणि प्रत्यक्ष नगर इतके मोठे कधीच नव्हते. ही उशिराची तारीख धरली तर या पुस्तकाचा पहिला वाचकवर्ग निनवे राख झालेले जाणून होता. ज्यांना अश्शूरने देशोधडीला लावले त्यांच्याच वंशजांनी, शत्रूचा न्याय होऊन गेल्यावर, त्या शत्रूला मिळालेल्या क्षमेची कथा जपली.

कथा सर्वपरिचित आहे. देव योनाला निनवेला जायला सांगतो. तो उलट दिशेला तार्शीशच्या गलबतावर चढतो. वादळ येते, खलाशी त्याला समुद्रात टाकतात आणि एक मोठा मासा त्याला गिळतो. तीन दिवसांनी किनाऱ्यावर आलेला योना अखेर निनवेत जातो. त्याचा संदेश हिब्रू मुळात जेमतेम पाच शब्दांचा आहे : चाळीस दिवसांनी नगर उलथेल. त्यात कोणतीही अट नाही, क्षमेचे आश्वासनही नाही. पण चाळीस दिवस ही मुदतच आहे. लोक ती ओळखतात. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसांबरोबर जनावरांनाही गोणताट घातले जाते. आणि राजा हुकूम काढतो की प्रत्येकाने आपल्या हातून होणारा जुलूम सोडावा. नहूमने ज्या हिंसेबद्दल निनवेला दोषी ठरवले, नेमकी तीच हिंसा येथे सोडली जाते. देव नाश टाळतो.

यावर योना संतापतो. देव कृपाळू, मंदक्रोध आणि दयेने भरलेला आहे हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो, असे तो देवाला सुनावतो. देवाच्या या वर्णनाचे मूळ निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात आहे. सीनाय पर्वतावर मोशेला ऐकू आलेल्या त्या घोषणेत दोन बाजू आहेत : देव क्षमा करतो आणि दोषी माणसाला निर्दोषही ठरवत नाही. योना पहिली बाजू उद्धृत करतो, नहूम दुसरी. एकाच घोषणेचे दोन भाग दोन संदेष्टे एकाच नगराला लावतात. योनाचे पुस्तकही प्रश्नावरच संपते. ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी १,२०,००० माणसे आणि कितीतरी गुरेढोरे असलेल्या या नगराची मला कीव येऊ नये काय, असे देव विचारतो. योनाचे उत्तर पुस्तकात नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात यामागचा नियम मांडलेला आहे. एखाद्या राष्ट्राच्या नाशाचे भाकीत केल्यावर ते राष्ट्र दुष्टपणा सोडून वळले, तर देवही आपला बेत बदलतो; आणि भले करण्याचे वचन मिळालेले राष्ट्र बिघडले तर ते वचनही मागे घेतले जाते. या दृष्टीने पाहिले तर बायबलमधील भविष्यकथन हे ठरलेल्या घटनांचे वेळापत्रक नाही. ते वेळेत दिलेले इशारे आहेत, आणि इशारा देणे हेच दयेचे पहिले कृत्य आहे.

दोन्ही पुस्तके एकत्र वाचण्याची जुनी अडचण एका हस्तलिखितातील फरकात दिसते. ‘तोबीत’ या ग्रंथात मरणासन्न तोबीत आपल्या मुलाला निनवे सोडून जायला सांगतो, कारण संदेष्ट्याचे शब्द खरे होणार आहेत. सिनाई हस्तलिखितात हा संदेष्टा नहूम आहे, व्हॅटिकन हस्तलिखितात योना. क्षमेने थांबलेली शिक्षा कायमची रद्द झाली होती की पुढच्या पिढ्यांच्या वागण्यावर अवलंबून राहिली, याचा विचार त्या काळच्या वाचकांना करावा लागत होता.

आद्य ख्रिस्ती मंडळीत निनवे

नव्या करारात, मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, येशू ‘योनाच्या चिन्हा’विषयी बोलतो. मत्तयात माशाच्या पोटातील तीन दिवस हे त्याच्या मरणाचे आणि पुनरुत्थानाचे चिन्ह ठरतात. दोन्ही शुभवर्तमानांत एक कठोर वाक्यही आहे : न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उभे राहतील आणि या पिढीला दोषी ठरवतील, कारण त्यांनी योनाचे ऐकून पश्चात्ताप केला. क्षमा मिळालेले परके लोक येथे साक्षीदार होतात. दया स्वीकारणाऱ्यांचे उदाहरण दया नाकारणाऱ्यांचा न्याय करते.

रोममधील तिसऱ्या शतकातील भूमिगत दफनस्थळांत जुन्या करारातील सर्वाधिक चित्रे योनाची आहेत. छळाच्या काळातील ख्रिस्ती लोकांना मृत्यूतून सुटलेला माणूस जवळचा वाटला. इटलीतील अक्विलेया येथील चौथ्या शतकातील चर्चच्या विस्तीर्ण मोझेक जमिनीवरही ही कथा आहे. सिरियाई परंपरेत निसिबिसचा कवी आणि डीकन एफ्रेम याने निनवेच्या पश्चात्तापावर दीर्घ काव्यप्रवचन रचले. त्यात निनवेचे लोक योनासोबत त्याच्या देशाच्या सीमेपर्यंत जातात आणि तेथील लोकांची पापे पाहून घाबरतात. पश्चिमेत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात एक निराळा विचार मांडला. भाकीत खोटे ठरलेच नाही, कारण दुष्ट निनवे खरोखर उलथले गेले आणि त्याच्या जागी चांगले निनवे उभे राहिले. माणसाचे बदलणे हाच न्यायाचा निकाल ठरू शकतो, हा त्याचा आशय.

सातव्या शतकात या विचाराला सर्वांत धीट रूप मिळाले, आणि तेही निनवेच्याच बिशपकडून. आजच्या कतारच्या परिसरात जन्मलेल्या इसहाकला कॅथोलिकोस म्हणजे पूर्वेकडील चर्चचा प्रमुख गिवर्गिस याने निनवेचा बिशप नेमले. पाच महिन्यांतच तो पद सोडून डोंगरात एकांतवासाला गेला. सिरियाई भाषेत लिहिलेल्या त्याच्या प्रवचनांत देवाच्या करुणेचे पारडे न्यायाच्या पारड्यापेक्षा कितीतरी जड आहे : सोन्याच्या राशीपुढे वाळूचा कण जसा भरत नाही, तसा करुणेपुढे न्याय भरत नाही. १९८३ मध्ये सेबॅस्टियन ब्रॉक यांना ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात इसहाकच्या लेखनाचा हरवलेला दुसरा भाग सापडला. देवाची शिक्षा बरे करण्यासाठी असते, सूडासाठी नसते, ही त्याची भूमिका त्यात आणखी स्पष्ट आहे. इसहाकने न्याय नाकारला नाही, पण न्यायाचा हेतू प्रेमात शोधला.

निनवेकरांचा उपवास

सहाव्या शतकात मेसोपोटेमियात ताऊनाची साथ आली. तेव्हा निनवेच्या पश्चात्तापाचे स्मरण करून तीन दिवसांचा उपवास आणि प्रार्थना करण्यात आली, असे पूर्वेकडील चर्चची परंपरा सांगते. तेव्हापासून ‘निनवेकरांची विनवणी’ हा व्रतकाळ ठरून गेला. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासकाळाच्या तीन आठवडे आधी, सोमवार ते बुधवार हे तीन दिवस पाळले जातात. या दिवसांत योनाचे पुस्तक वाचले जाते आणि एफ्रेमच्या परंपरेतील गीते गायली जातात. ही प्रथा सिरियाई ऑर्थोडॉक्स आणि खाल्दी मंडळ्यांमध्ये आहे. दहाव्या शतकात सिरियाई वंशाचे पोप अब्राहाम यांच्या काळात ती इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्येही रुजली.

भारतात केरळच्या संत थोमा ख्रिस्ती समाजात हा उपवास ‘मून्नु नोयम्ब’ म्हणजे तीन दिवसांचा उपवास म्हणून ओळखला जातो. कोट्टयम जिल्ह्यातील कुरविलंगाड येथील चर्चमध्ये या काळात लाकडी जहाजाची मिरवणूक निघते. भाविक ते खांद्यावर घेऊन वादळात सापडल्यासारखे हेलकावतात. मुंबई-पुण्यातील मल्याळी सिरियाई मंडळ्यांनी हा उपवास महाराष्ट्रातही आणला आहे.

यहुदी परंपरेत योनाचे पुस्तक प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत वाचले जाते. कोकणातून आलेला मराठीभाषक बेने इस्राएल समाजही हा दिवस उपवासाने पाळतो. दुष्काळातील उपवासांविषयी मिश्ना ही यहुदी नियमसंहिता एक मार्मिक सूचना देते : देवाने निनवेकरांचे गोणताट पाहिले नाही, त्यांचे वागणे पाहिले. कुराणातही योना आहे. दहाव्या सुऱ्याला युनुसचे नाव आहे, आणि वेळेत विश्वास ठेवून शिक्षेतून वाचलेले लोक म्हणून त्याच्या लोकांचा तेथे उल्लेख होतो. नबी युनुस टेकडीवर आधी योनाच्या नावाचा ख्रिस्ती मठ होता, पुढे त्याच जागी मशीद झाली.

मातीतून वर आलेले नगर

१८४२ मध्ये फ्रेंच वाणिज्यदूत पॉल-एमिल बोता याने कुयुंजिकवर पहिले उत्खनन केले. त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. १८४७ मध्ये ब्रिटिश उत्खनक ऑस्टिन हेन्री लेयार्डला सन्हेरीबचा राजवाडा सापडला. १८५३ मध्ये मोसुलचाच रहिवासी असलेल्या होर्मुझ्द रस्सामने अशुर्बनिपालचा राजवाडा उघडला. तीस हजारांहून अधिक पट्टिका आणि तुकडे असलेले अश्शूरी ग्रंथालय या टेकडीतून बाहेर आले. ३ डिसेंबर १८७२ रोजी जॉर्ज स्मिथने त्यातील एका पट्टिकेवरची महापुराची कथा लंडनमध्ये वाचून दाखवली. नोहाच्या कथेशी तिचे साम्य पाहून श्रोते चकित झाले. लेयार्डच्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निनवेजवळच्या निमरूद येथील अश्शूरी शिल्पपट आजही पाहता येतात. व्हिक्टोरियन वाचकांना या शोधांत नहूमच्या भाकिताचा पुरावा दिसला. त्याच ग्रंथालयामुळे अश्शूरी लोकांचे विद्याप्रेम आणि त्यांच्या प्रार्थनाही जगासमोर आल्या. कीव करण्याजोगी माणसे निनवेत होती, हे योनाच्या पुस्तकातील म्हणणे पट्टिकांनी आपल्या परीने खरे केले.

२०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने मोसुल घेतले. त्या वर्षीच्या जुलैत शहरातील ख्रिस्ती कुटुंबांना धर्मांतर, कर किंवा तलवार यांतून निवड करण्यास सांगण्यात आले. बहुतेकांनी घरे सोडली. २४ जुलैला नबी युनुस मशीद स्फोटकांनी उडवण्यात आली. ऑगस्टमध्ये निनवे मैदानातील काराकोश आणि इतर गावे रिकामी झाली. २०१६ मध्ये प्राचीन तटाच्या मश्की आणि अदाद या वेशी पाडण्यात आल्या. शहर मुक्त झाल्यावर पुरातत्त्वज्ञांना मशिदीखाली लुटारूंनी खोदलेल्या बोगद्यांत अश्शूरी राजा एसरहद्दोन याच्या महालाचे लेख मिळाले. मश्की वेशीच्या पुनर्बांधणीत सन्हेरीबच्या काळातील नवे शिल्पपट उजेडात आले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१७ मध्ये या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करण्यासाठी तपास पथक नेमले. ७ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मोसुल आणि काराकोश येथे जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली.

आज निनवे मैदानातील ख्रिस्ती लोक काराकोशमध्ये परतले आहेत, तसेच शिकागो, सिडनी, स्वीडनमधील सॉदर्तेल्ये अशा दूरच्या शहरांतही विखुरले आहेत. दरवर्षी ते तीन दिवसांचा उपवास पाळतात आणि योनाची कथा आपल्या गावाची कथा म्हणून ऐकतात. मोसुलच्या उत्तरेला अल्कोश येथे नहूमची मानली जाणारी कबर त्यांच्याच शेजारी आहे. आपल्यावरील अत्याचारांचा न्याय व्हावा, ही नहूमची मागणी त्यांची आहे. आणि जुलूम सोडणाऱ्याला वाट मोकळी राहावी, ही योनाच्या देवाची मागणीही त्यांनी सोडलेली नाही. बायबलच्या संग्रहात ही दोन्ही पुस्तके ठेवणाऱ्यांनी एकाला दुसऱ्यासाठी वगळले नाही. न्यायाशिवायची दया पिडलेल्यांना विसरते, आणि दयेशिवायचा न्याय अपराध्याला बदलण्याची मुदत देत नाही, हा त्या निवडीचा अर्थ आहे.